राजापूरचं गरम पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

राजापूरची गंगा आली की बातमी वाऱ्यासारखी पसरते. डोंगरावरच्या चौदा कुंडांमध्ये पाणी खेळू लागतं आणि माणसं घरदार घेऊन निघतात. गंगेचा नेम नाही. साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात, कधी लवकर येते, कधी वाट पाहायला लावते. पण तिच्या पायथ्याशी, उन्हाळे गावात, महालक्ष्मीच्या देवळाजवळ गरम पाणी बारमाही वाहतं. मला आज त्याच्याबद्दल बोलायचंय, कारण गंगेच्या गडबडीत ते मागे पडतं.

हे पाणी एकटं नाही. उत्तरेला वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, मग पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, संगमेश्वराकडची आरवली, तुरळ, राजवाडी आणि खाली राजापूर. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधोमध तीनशे किलोमीटरहून लांब अशी ही झऱ्यांची रांग आहे.

पुष्कळांना वाटतं, खाली ज्वालामुखी धगधगतोय. तसं नाही. आपला काळा कातळ ज्या लाव्हाचा झाला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो कधीच निवाला. होतं असं, की पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते. तापलेलं पाणी मग दुसऱ्या भेगेतून वर येतं. आपण अंगावर घेतो ते पाणी केव्हाच्या तरी पावसाचं असतं, हे कळल्यापासून मला त्या कुंडाचं अप्रूप अधिकच वाटतं.

युरोपात कार्लोव्ही व्हारी नावाचं शहर आहे. तिथला झरा ७० अंशांच्या वर गरम, आणि कारंज्यासारखा बारा मीटरपर्यंत उसळतो. लोक ते पाणी पेल्यातून घोट घोट पितात. आपल्याकडे रीत आंघोळीची. उन्हाळे गावी न्हायचं, गंगेवर जायचं, धोपेश्वर गावच्या धूतपापेश्वराचं दर्शन घ्यायचं, ही वाट जुनी आहे.

या पाण्याने दुखणारे सांधे सैलावतात, ते उष्णतेमुळे. त्वचारोग हमखास जातो असं मात्र मी सांगणार नाही. ज्यांना हृदयविकार आहे, रक्तदाब आहे, ज्या बायका गरोदर आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर चटका कळत नाही, तेव्हा आधी दुसऱ्या कुणी हात घालून पाहावा. सगळी कुंडं सारखी गरमही नसतात. उन्हवऱ्याचं पाणी उगमाशी ७० अंशांच्या आसपास असतं. तिथे उगमात पाय घालायचाच नाही. थोडा वेळ बसावं, बाहेर यावं, साधं पाणी प्यावं. आणि कळकळीची विनंती, साबण, शांपूच्या पुड्या पिशवीतच राहू द्या. तुमच्यानंतर कुणाची तरी आजी त्याच पाण्यात उतरणार असते.

राजापूर मुंबई-गोवा महामार्गावरच आहे. रेल्वेने याल तर राजापूर रोड स्टेशन गावापासून बरंच लांब पडतं, पुढे गाडीची सोय आधी पाहून ठेवा. सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी असते. गंगा आलेली असेल तर डोंगर चढा. नसेल तर सरळ धोपेश्वर गाठा. पावसाळा असेल तर देवळाशेजारी मृडानी नदीचा धबधबाही बघायला मिळेल.