सगळ्यांचं नाव जॉर्ज

श्रोतेहो, नमस्कार.

रात्रीच्या गाडीत आपण बूट काढून बर्थखाली सरकवतो आणि आडवे होतो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत, पुलमन कंपनीच्या शयनयान डब्यात, हे बूट रात्रीतून एक माणूस उचलून न्यायचा, लख्ख करायचा आणि पहाटेच्या आत जागच्या जागी ठेवायचा. पॉलिशची डबी त्यानं पदरच्या पैशानं आणायची. तो म्हणजे पोर्टर, कातडीनं काळा. आईबापांनी नाव काही का ठेवलेलं असेना, प्रवासी त्याला 'जॉर्ज' म्हणूनच हाक मारायचे, कारण कंपनी काढणाऱ्याचं नाव जॉर्ज पुलमन. गुलामाला धन्याच्या नावानं ओळखायचं, ही जुनीच रीत. गुलामगिरी 1865 सालीच कायद्यानं संपली होती म्हणे!

महिन्याला 400 तास काम, आणि घर चालायचं ते बरंचसं प्रवाशांनी दिलेल्या टिपेवर. ऑगस्ट 1925 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत या पोर्टरांनी युनियन काढली आणि पुढारी नेमला ए. फिलिप रँडॉल्फ. हा गृहस्थ स्वतः कधीच पोर्टर नव्हता. मला यात पोर्टरांची हुशारी दिसते. जो नोकरीतच नाही, त्याला कंपनी काढणार कशी? युनियनमध्ये गेलेल्या कित्येक पोर्टरांना मात्र काढलं. युनियनच्या तिजोरीत खडखडाट असायचा. रँडॉल्फांच्या घरची चूल पेटायची ती पत्नी ल्युसील यांच्या ब्यूटी पार्लरच्या कमाईवर. अशी बारा वर्षं गेली, तेव्हा कुठे 1937 साली कंपनीनं करारावर सही केली आणि महिन्याचे तास 400 वरून 240 वर आले.

मालकापुढे ताठ उभं राहणाऱ्याला कामगार डोक्यावर घेतात. आपल्याच पंक्तीतल्यांना कानपिचक्या द्यायच्या म्हटलं, की भल्याभल्यांचे पाय लटपटतात. रँडॉल्फांचा मोठेपणा मला तिथे दिसतो. गोऱ्या रेल्वे कामगारांच्या काही युनियनच्या घटनेतच लिहिलेलं होतं, सभासद गोराच हवा. अमेरिकेतल्या युनियनांचा जो महासंघ, एएफएल-सीआयओ, त्याच्या 1959 च्या अधिवेशनात रँडॉल्फ उठून म्हणाले, असल्या युनियनना इथे जागा नको. महासंघाचे अध्यक्ष जॉर्ज मीनी खवळले. अमेरिकेतल्या सगळ्या निग्रोंचे पालक म्हणून तुम्हाला नेमलंय तरी कोणी, असं त्यांनी भर सभेत विचारलं. हेसुद्धा जॉर्जच, बघा.

आपल्याला हे ऐकून हसायला नको. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्याची, म्हणजे कापड विणायच्या खात्याची, मजुरी चांगली, पण तिथे अस्पृश्याला मज्जाव होता. धोट्यातली सुताची कांडी बदलली की नवं सूत धोट्यातून तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि त्याच्या थुंकीनं म्हणे ते सूत बाटणार! 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी पुढाऱ्यांना बजावलं, हा मज्जाव उठवण्याची मागणी यादीत घाला. पुढाऱ्यांनी ती घातली, पण मनाविरुद्ध. गिरणीमालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. त्यांचं उत्तर सोयीचं होतं, पण या बाबतीत खोटं नव्हतं. दहा वर्षांनी, फेब्रुवारी 1938 मध्ये, मनमाडला दलित रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आमच्या रेल्वेत दलिताला पोर्टरचं कामही मिळत नसे, हे त्यांनी तिथेच सांगितलं. कारण पोर्टरनं स्टेशनमास्तरच्या घरात राबायचं असे, आणि घर बाटलं तर? तिकडे काळ्याला पोर्टरच्या वर चढू देत नव्हते, इकडे दलिताला पोर्टरही होऊ देत नव्हते.

पुन्हा रँडॉल्फांकडे येतो. 1961 साली महासंघाच्या कार्यकारिणीनं त्यांच्यावर निषेधाचा ठराव केला, आणि ते स्वतः त्याच कार्यकारिणीचे सदस्य! ते महासंघ सोडून गेले नाहीत, आणि मागणीही त्यांनी सोडली नाही. दोन वर्षांनी काळ्यांच्या नोकऱ्या आणि हक्कांसाठी रँडॉल्फांनी पुकारलेल्या वॉशिंग्टनच्या मोर्चाला कार्यकारिणीनं पाठिंबा नाकारला, तरी मोटार कामगारांची युनियन आली. 28 ऑगस्ट 1963 ला लिंकन स्मारकापुढे अडीच लाख माणसं जमली. मार्टिन लूथर किंग यांचं त्या दिवशीचं भाषण जगानं ऐकलंय. ते बोलले शेवटी शेवटी. सभेच्या सुरुवातीला माइकसमोर उभे होते 74 वर्षांचे रँडॉल्फ. ल्युसील चारच महिन्यांपूर्वी गेल्या होत्या.

नमस्कार.