रक्तातील क्लोराइड आणि सलाइनचा हात

श्रोतेहो, नमस्कार. नागपुरात नवतपा सुरू झाला आणि पारा ४५ अंशांच्या आसपास जाऊन बसला, की उलट्या-जुलाबांनी गळून गेलेल्या रुग्णांचे नमुने प्रयोगशाळेत येऊ लागतात. त्यांच्या अहवालात सोडियम आणि पोटॅशियम सगळेच पाहतात. शेजारच्या क्लोराइडकडे, म्हणजे रक्तातल्याच आणखी एका क्षारघटकाकडे, मात्र फारसे कुणी वळत नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

निरोगी प्रौढाच्या सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात, लिटरमागे साधारण ९८ ते १०६ मिलीमोल क्लोराइड असते. वारंवार उलट्या झाल्या, की जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर पडून ते घटते. जोराच्या जुलाबांत आम्लता आटोक्यात ठेवणारे बायकार्बोनेट वाहून जाते आणि क्लोराइड चढते. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांची बेरीज वजा केली, की डॉक्टरांना अ‍ॅनायन गॅप मिळतो. रक्तातील आम्लता मधुमेहातील कीटोन नावाच्या आम्लांमुळे वाढली असेल तर हा गॅप रुंदावतो, नुसत्या जुलाबांमुळे असेल तर सहसा रुंदावत नाही. म्हणजे उपचारांची दिशाच क्लोराइडच्या आकड्यावर अवलंबून असते.

हा आकडा इलेक्ट्रोडवर, म्हणजे क्लोराइड टिपणाऱ्या संवेदकावर, मोजतात आणि यंत्र बरोबर चालते आहे ना, हे कंट्रोल, म्हणजे आधीच आकडा माहीत असलेला नमुना, लावून तपासतात. पण नमुनाच बिघडलेला असेल तर यंत्र काय करणार? काटोल-उमरेडकडून शहरात पोहोचेपर्यंत रुग्णाला बहुधा सलाइन लागलेले असते आणि नॉर्मल सलाइनमध्ये लिटरमागे १५४ मिलीमोल क्लोराइड असते. त्याच हातातून, सुईच्या वरच्या बाजूने रक्त ओढले, तर त्यात सलाइन मिसळून उलट्यांनी ९० वर उतरलेले क्लोराइडसुद्धा ११५ दिसू शकते, आणि त्याच वेळी पोटॅशियम व कॅल्शियम खाली गेलेले दिसतात. ही जोडी ओळखणारा तंत्रज्ञ अहवाल रोखून ठेवतो, वॉर्डात फोन लावतो आणि विचारतो, "रक्त कोणत्या हाताचे घेतले?" प्रयोगशाळेतील सर्वांत मोलाचे काम मी यालाच मानतो.

ब्रोमाइड असलेली औषधेही इलेक्ट्रोडला फसवतात, कारण तो ब्रोमाइडलाही क्लोराइड म्हणूनच मोजतो.

या तपासणीसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. रक्त घ्यायला आलेल्या व्यक्तीला सलाइनचा हात दाखवावा, दुसऱ्या हातातून रक्त घ्यायला सांगावे आणि चालू औषधांची चिठ्ठी तिच्यापुढे ठेवावी. दोन्ही हातांना सलाइन असेल, तर ते किती वेळ थांबवायचे हे डॉक्टरांनी ठरवावे. नातेवाइकांनी नळीला हात लावू नये.