बीच बॉईज, 1967 : गाजलेल्या बँडच्या पडत्या काळातल्या टेप्स

(कॅमेऱ्यासमोर. हेडफोन गळ्यात.)

आजच्या व्हिडिओत मी एकही गाणं वाजवणार नाही. वाजवलं तर कॉपीराइटचा दावा येणार आणि व्हिडिओ उडणार. आणि गंमत बघा, ज्या टेप्सबद्दल मी बोलणार आहे, त्या पन्नास वर्षांनी कपाटाबाहेर आल्या त्यासुद्धा कॉपीराइटच्याच धाकाने!

बँड आहे बीच बॉईज. कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नचे तीन सख्खे भाऊ, ब्रायन, डेनिस आणि कार्ल विल्सन. शिवाय त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डिन. घरचंच खटलं म्हणा ना. 1966 साली यांनी 'पेट साउंड्स' हा अल्बम काढला, त्याच वर्षी 'गुड व्हायब्रेशन्स' हे गाणं अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं.

आणि मग 1967. 'स्माइल' नावाचा ज्याचा एवढा गाजावाजा झाला, तो अल्बम मे महिन्यात ब्रायनने अर्धवट सोडला. कार्लने सैन्यातल्या सक्तीच्या भरतीला नकार दिला, अटक झाली, कोर्टकचेरी मागे लागली. जूनमध्ये माँटेरे पॉप फेस्टिव्हल होता, जिथे जिमी हेंड्रिक्सने गिटार पेटवली. बीच बॉईजनी ऐनवेळी अंग काढून घेतलं. झालं. पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घालून समुद्राची गाणी म्हणणारी ही पोरं एका उन्हाळ्यात जुनाट ठरली.

अशा वेळी यांना सुचलं काय, तर लाइव्ह अल्बम! तसं ते अगदीच खुळचट नव्हतं. 1964 मध्ये यांचा पहिल्या नंबरावर गेलेला अल्बम लाइव्हच होता. म्हणून 25 आणि 26 ऑगस्ट 1967 ला हवाईत, होनोलुलूला दोन कार्यक्रम रेकॉर्ड करायचे ठरले. नावही ठरलं, 'लेड इन हवाई'. तिथल्या फुलांच्या हाराला 'ले' म्हणतात, त्यावरचा जरा चावट श्लेष.

आता इथे थोडं थांबू, कारण या टेप्स फार विचित्र आहेत.

ब्रायनने डिसेंबर 1964 मध्ये विमानातच धीर सुटल्यावर दौरे बंद केले होते. तो घरी बसून गाणी रचायचा, बाकीचे गावोगाव वाजवायचे. हवाईला मात्र तो आला, आणि सोबत त्याचा बॉल्डविन ऑर्गन. त्याच्या जागी दौरे करणारा ब्रूस जॉन्स्टन नेमका नव्हता. तेव्हा ब्रायनच्या डोक्यात सगळं मऊ, संथ करायचं खूळ होतं. त्यामुळे 'कॅलिफोर्निया गर्ल्स'सारखं रुबाबदार गाणं दुपारी जेवून, लोडाला टेकून म्हटल्यासारखं येतं. खाली तो ऑर्गन गुरगुरतोय, वर आवाज जवळजवळ कुजबुजतायत. हजारो लोकांसमोर! पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं, फाइलच हळू चालतेय.

अल्बम म्हणून ते जमलंच नाही. मग सप्टेंबरमध्ये वॉली हायडरच्या स्टुडिओत बसून तीच गाणी पुन्हा वाजवली. बेत असा, की वरून प्रेक्षकांचा गलका चिकटवायचा आणि 'लाइव्ह' म्हणून विकायचं. हसू नका, 1965 चा त्यांचा 'पार्टी' अल्बमही स्टुडिओतच झाला होता. हसण्या-खिदळण्याचे आवाज नंतर घातलेले. पण या वेळी त्यांनाच ते पटलं नाही. टेप्स गेल्या कपाटात.

(खुर्ची पुढे ओढून.)

त्या बाहेर आल्या कशा? युरोपियन युनियनने 2011 मध्ये ध्वनिमुद्रणांचा कॉपीराइट 50 वर्षांवरून 70 वर नेला. त्यात मेख अशी, की जे पन्नास वर्षांत कधी प्रसिद्धच केलं नाही, त्यावरचा हक्क जातो. म्हणजे 1967 ची टेप 2017 संपायच्या आत बाहेर काढा, नाहीतर युरोपात ती कुणीही विकावी. म्हणून डिसेंबर 2017 मध्ये या कार्यक्रमांचा ढीगच्या ढीग फक्त डिजिटल स्वरूपात आला. पुढच्या डिसेंबरात 1968 च्या दौऱ्यांचा. बॉब डिलन, बीटल्स यांच्या बाबतीतही हेच झालंय. रसिकांवरच्या प्रेमापोटी वगैरे काही नाही, वकिलांनी कॅलेंडर बघितलं.

पण त्या ढिगात नोव्हेंबर 1967 चा दौरा आहे, आणि तो ऐकून मी चाट पडलो. डेट्रॉइट, वॉशिंग्टन. हवाईनंतर तीन महिनेसुद्धा झालेले नाहीत. ब्रायन घरी. आणि बँड सुसाट! 'वाइल्ड हनी', 'डार्लिन' ही ताजी गाणी कार्ल घसा फोडून गातोय. वय वर्षं वीस, डोक्यावर खटला, आणि हा सोल, म्हणजे आफ्रिकन-अमेरिकन लोकांचं जीव ओतून गायचं संगीत, त्या गायकांच्या थाटात गातोय. 'गुड व्हायब्रेशन्स'मध्ये तो भुताच्या शिट्टीसारखा आवाज येतो ना, स्टुडिओत तो पॉल टॅनरने वाजवला होता. स्टेजवर माइक लव्ह एका इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या लांब पट्टीवर बोट सरकवून काढायचा. बोट केसभर इकडेतिकडे झालं की सूर घसरणार.

म्हणून 'स्माइल बुडाला आणि बँड संपला' ही जी कथा सगळे सांगतात, ती मला अर्धीच वाटते. रेकॉर्डची दुकानं त्यांना विसरत होती, हे खरं. 1968 चा 'फ्रेंड्स' अल्बम तर अमेरिकेत 126 व्या नंबरावर अडला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर कार्यक्रम रद्द झाले. मे महिन्यात माइकच्या हट्टाने महर्षी महेश योगींना घेऊन दौरा काढला. माइक नुकताच हृषीकेशहून आलेला, नवा भक्त! अर्ध्यात गाणी, अर्ध्यात प्रवचन. पब्लिक फिरकलंच नाही, दौरा गुंडाळला.

आणि डिसेंबरात लंडनला, फिन्सबरी पार्क अ‍ॅस्टोरियात, थिएटर त्यांना डोक्यावर घेतंय. ही टेप तेवढी 1970 मध्येच ब्रिटनमध्ये अल्बम म्हणून आली होती.

ऐकायचं कसं, ते सांगतो. 'देअर हार्ट्स वेअर फुल ऑफ स्प्रिंग' हे एकच गाणं घ्या. फोर फ्रेशमेन या गायकांच्या चौकडीचं गाणं, ब्रायनचं लहानपणापासूनचं दैवत ती चौकडी. वाद्य एकही नाही, नुसते आवाज. आधी हवाईच्या तालमीतलं ऐका, मग लंडनचं. हेडफोन लावून. आणि प्रत्येक आवाज कुणाचा ते ओळखून खाली लिहा, मी तिसऱ्या ऐकण्यात अलचा ओळखला.