पंखा नाही, पंप नाही, तरी सॅटेलाइट थंड

अवकाशात पंखा लावून काही उपयोग नाही, कारण फिरवायला हवाच नाही. सॅटेलाइटमधला ट्रान्समीटर तापला की ती उष्णता कशीतरी बाहेरच्या रेडिएटरपर्यंत पोचवायची, मग तिथून ती इन्फ्रारेडच्या रूपात बाहेर पडते. नुसत्या धातूच्या पट्टीतून न्यायची म्हटलं तर पट्टी जाड लागते, वजन वाढतं, आणि वजन तर परवडतच नाही. म्हणून हीट पाइप.

ही नळी मधोमध कापून आत बघूया. बाहेरून साधं ॲल्युमिनियम, पण आतल्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक बारीक खाचा. आतली हवा काढून टाकायची, मोजून थोडासा अमोनिया भरायचा आणि दोन्ही टोकं कायमची बंद, बस्स. गरम ट्रान्समीटरजवळ अमोनियाची वाफ होते आणि वाफ होताना तो भरपूर उष्णता शोषतो, तिथला दाब किंचित वाढतो म्हणून वाफ आपली आपणच थंड टोकाकडे धावते, तिथे उष्णता सोडून परत पातळ होते, आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा तो अमोनिया खाचांमधून मागे येतो. हलणारा एकही पार्ट नाही, त्यामुळे झिजायलाही काही नाही. मला तर यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

मग पाणी का नाही भरत? एक तर ते शून्य अंशालाच गोठतं, अमोनिया मात्र उणे ७७ पर्यंत पातळ राहतो. शिवाय पाण्याची ॲल्युमिनियमशी रिॲक्शन होऊन हायड्रोजन तयार होतो, तो थंड टोकाला साचून बसतो आणि वाफेला जागाच उरत नाही.

अशा नळीचं पेटंट अमेरिकेत १९४४ सालचं, पण तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९६३ मध्ये अमेरिकेतल्याच लॉस अलामॉस प्रयोगशाळेतल्या जॉर्ज ग्रोव्हरने ती नव्याने बनवली आणि १९६८ च्या जिओस-२ सॅटेलाइटवर ट्रान्सपाँडरांच्या (सिग्नल घेऊन परत पाठवणाऱ्या उपकरणांच्या) तापमानातला फरक कमी करायला ती वापरलीसुद्धा गेली.

खरी कसरत जमिनीवरच्या टेस्टिंगची. गरम टोक थोडं जरी वर गेलं तरी गुरुत्वाकर्षण त्या बारीक खाचांवर मात करतं आणि अमोनिया वर चढतच नाही, म्हणून टेस्टच्या वेळी नळी अगदी लेव्हलमध्ये ठेवतात. सॅटेलाइट उभं ठेवावं लागलं आणि नळीही उभी आली, तर गरम टोक खाली येईल अशी मांडणी करतात, मग पातळ अमोनिया वजनानेच खाली येतो.