साउथ कॅरोलायनाची तक्रार

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेपुढे अमेरिकेचा दाखला दिला होता. राज्यांना फुटून निघण्याचा हक्क नाही, एवढं ठरवायला अमेरिकनांना यादवी युद्ध करावं लागलं. आपण ते आधीच स्पष्ट करून टाकलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. आज मी त्या युद्धाबद्दल बोलणार नाही. त्याआधी साठेक वर्षं जो वाद घुमत होता, त्याबद्दल बोलणार आहे.

केंद्राने घटनेबाहेर जाऊन कायदा केला असं एखाद्या राज्याला वाटलं, तर निवाडा करायचा कोणी? १७९८ साली सरकारवर टीका करणाऱ्याला तुरुंगात टाकता येईल असा कायदा झाला. केंटकीच्या विधिमंडळाने ठराव केला की असले कायदे मुळातच रद्दबातल आहेत. मसुदा गुपचूप लिहून दिला होता थॉमस जेफरसन यांनी, आणि ते तेव्हा देशाचे उपाध्यक्ष होते! तीस वर्षांनी जॉन कॅल्हून या दुसऱ्या उपाध्यक्षांनी साउथ कॅरोलायनासाठी हेच केलं, तेही नाव न घालता. त्या पदावर माणसाला रिकामा वेळ फार मिळत असावा.

कॅल्हून यांचं दुखणं होतं १८२८ च्या आयात कराचं. उत्तरेतल्या कारखान्यांना संरक्षण मिळालं, पण इंग्लंडला कापूस विकून बाहेरचा माल घेणाऱ्या दक्षिणेला तोच माल महाग पडू लागला. त्यांचा युक्तिवाद असा: संघ हा राज्याराज्यांमधला करार आहे, तेव्हा न पटणारा कायदा राज्याने आपल्या हद्दीत अडवावा, आणि तीन चतुर्थांश राज्यांनी घटनादुरुस्ती केली तरच माघार घ्यावी.

१३ एप्रिल १८३० ला वॉशिंग्टनमध्ये जेफरसन जयंतीची मेजवानी होती. एकामागून एक पेले उंचावले जात होते, राज्यांच्या हक्कांचे गोडवे गायले जात होते. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन उठले. स्वतः दक्षिणेचे, स्वतः गुलामांचे मालक. हे लोक त्यांना आपलाच माणूस समजत होते. ते एवढंच बोलले: ‘आपला संघ टिकलाच पाहिजे.’ पाठोपाठ कॅल्हून उठले: ‘संघ आम्हाला प्रिय आहे, पण आमच्या स्वातंत्र्याच्या खालोखाल.’ अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, एकाच मेजवानीत!

पुढे नोव्हेंबर १८३२ मध्ये साउथ कॅरोलायनाने करकायदा रद्दबातल ठरवला. जॅक्सननी हा फुटीरपणा असल्याचं ठणकावलं आणि लष्कर वापरण्याची परवानगी संसदेकडून मिळवली. त्याच वेळी सिनेटर हेन्री क्ले यांनी कर हळूहळू उतरवण्याची तडजोड घडवून आणली. राज्याने आपला ठराव मागे घेतला, पण तीन दिवसांनी लष्कराचा तो कायदा रद्दबातल ठरवला. पडलो तरी नाक वर! १७९८ साली केंटकीसारखाच व्हर्जिनियाचा ठराव लिहिणारे जेम्स मॅडिसन अजून हयात होते, ऐंशी ओलांडलेले. आपल्या ठरावाचा हा अर्थ नव्हे, असं ते परोपरीने सांगत राहिले.

इथवर चित्र असं दिसतं की दक्षिण म्हणजे राज्यांचे हक्क आणि उत्तर म्हणजे केंद्र. १८५० च्या कायद्याने ते पार उलटं झालं. पळालेला गुलाम गुलामगिरी नसलेल्या मुक्त राज्यातही पकडून परत द्यायचा. त्याला ज्यूरी नाही, स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याचीही मुभा नाही. मार्च १८५४ मध्ये मिझुरीतून पळालेल्या जोशुआ ग्लोव्हरला विस्कॉन्सिनमध्ये पकडून मिलवॉकीच्या तुरुंगात डांबलं. जमावाने तुरुंगाचं दार फोडून त्याला बाहेर काढलं. तो कॅनडाला पोहोचला. या सुटकेबद्दल शर्मन बूथ या संपादकावर खटला झाला, तेव्हा विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो केंद्रीय कायदाच घटनाबाह्य ठरवला. १८५९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा निकाल फिरवला. त्यावर विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने जो ठराव केला, त्याची भाषा जेफरसनच्या केंटकी ठरावातून उचललेली होती.

आता साउथ कॅरोलायनाने डिसेंबर १८६० मध्ये फुटून निघताना दिलेलं कारणपत्र वाचा. आयात कराचा त्यात उल्लेखही नाही. तक्रार अशी की मेनपासून आयोवापर्यंतची उत्तरेकडची राज्यं संसदेचे कायदे रद्दबातल ठरवतात, आणि न्यू यॉर्कमधून गुलाम घेऊन नुसतं जाऊही देत नाहीत. ज्या हक्कासाठी १८३२ मध्ये हेच राज्य हमरीतुमरीवर आलं होतं, तोच हक्क दुसऱ्यांनी बजावला म्हणून ते संघ मोडायला निघालं! म्हणून कुणी ‘राज्यांचे हक्क’ म्हटलं की मी आधी विचारतो, कशाचा हक्क?

फुटलेल्या राज्यांनी १८६१ मध्ये आपली वेगळी घटना लिहिली. बराचसा मजकूर जुन्या घटनेतलाच. नवी भर अशी की कोणताही नागरिक आपले गुलाम घेऊन कुठल्याही राज्यात जाऊ-राहू शकेल. त्या राज्याला आडकाठी करता येणार नाही. फुटून निघण्याच्या हक्काचं कलम मात्र तिच्यात शोधूनही सापडत नाही, आणि प्रस्तावनेत लिहिलंय की हे सरकार कायमस्वरूपी असेल.