वाय-फाय की वॉकीटॉकी? साखर कारखान्यातील संपर्कव्यवस्थेचा विचार

उपस्थित अभियंते, शेतकी आणि सुरक्षा विभागांतील सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

साखर कारखान्यांमध्ये अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. प्रशासकीय इमारतीत, वजनकाट्यावर आणि प्रयोगशाळेत वाय-फाय आलेच आहे, प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन आहे. मग वॉकीटॉकीचे सेट, त्यांचा परवाना आणि त्यांचा रिपीटर (आवाज दूरवर पोहोचवणारे मधले यंत्र) हा वेगळा खर्च कशासाठी करायचा? वाय-फायवरून बोलता येणारे ॲप घेतले तर भागणार नाही का? प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे इतकेच की, सारे सुरळीत चालू असताना कोणते साधन सोयीचे वाटते यावरून ही निवड करू नये. वीज गेलेली असताना कोणता निरोप कोणापर्यंत पोहोचलाच पाहिजे, हे आधी ठरवावे आणि मग साधनाकडे वळावे.

सहवीजनिर्मिती असलेल्या, म्हणजे साखरेबरोबर वीजही तयार करणाऱ्या, कारखान्यात टर्बाइन ट्रिप झाले (अचानक बंद पडले) तर काय होते, हे आपल्याला माहीत आहे. मिल थांबते, वाफेची मागणी एकदम खाली येते, बॉयलरमधला दाब चढू लागतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उडतात. बगॅसचे (उसाच्या चोथ्याचे) फीडिंग तोडायचे असते, बॉयलरला पाणी देणारा फीड पंप डिझेल जनरेटरवर घ्यायचा असतो आणि गव्हाणीवरच्या माणसाने ऊस टाकणे थांबवायचे असते. बॉयलर, टर्बाइन, स्विचयार्ड आणि मिल या चार ठिकाणच्या माणसांनी एकमेकांशी बोलण्याची सर्वांत निकडीची वेळ हीच असते. आता या वेळी वाय-फायवरच्या बोलण्याचा प्रवास पाहा. फोनमधला आवाज शेडमधल्या ॲक्सेस पॉइंटवर (वाय-फायचा सिग्नल देणाऱ्या यंत्रावर) जातो, तिथून नेटवर्क स्विचवर, स्विचकडून फायबरने सर्व्हर रूममध्ये, आणि ॲप बाहेरच्या कंपनीचे असेल तर इंटरनेटवरून दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरपर्यंत जाऊन पुन्हा त्याच वाटेने शंभर फुटांवरच्या सहकाऱ्याकडे परत येतो. या साखळीतल्या प्रत्येक कडीला वीज लागते. सर्व्हर रूमला यूपीएस असतो. पण मिल हाऊसच्या खांबावर बसवलेला स्विच बहुधा दिव्यांच्या लाइनवर जोडलेला असतो आणि दिव्यांबरोबरच तो बंद पडतो. याउलट दोन वॉकीटॉकी थेट एकमेकांशी बोलतात तेव्हा मध्ये काहीही नसते. अंतर वाढवण्यासाठी रिपीटर लावला तर एक कडी वाढते, पण तो बारा व्होल्टच्या बॅटरीवर तासन्तास चालतो. आणि तोही बंद पडला तरी सेट थेट चॅनेलवर वळवून जवळच्या माणसाशी बोलता येते.

दुसरा मुद्दा लहरींचा. हातातला व्यावसायिक वॉकीटॉकी साधारण चार ते पाच वॅट शक्तीने बोलतो, तर फोनमधले वाय-फाय साधारण एक दशांश वॅट किंवा त्याहून कमी शक्तीने. छतावर कितीही दमदार ॲक्सेस पॉइंट बसवला तरी फोनचा क्षीण आवाज परत त्याच्यापर्यंत पोहोचायला हवा, ही गोष्ट विक्रेत्यांच्या आराखड्यांत अनेकदा राहून जाते. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते, वॉकीटॉकीच्या ४५० मेगाहर्ट्झच्या यूएचएफ लहरीची सुमारे ६७ सेंटिमीटर. लांब लहर अडथळ्यांना वळसा घालून अधिक सहज पुढे जाते. कारखान्यात पॅन, ज्यूस हीटर, इव्हॅपोरेटर ही रस तापवण्या-आटवण्याची भांडी, पत्र्याच्या भिंती आणि लोखंडी जिने असे सगळे पोलादच असते. त्यात मिलमधून निघणाऱ्या बगॅसमध्ये जवळपास निम्मे पाणी असते आणि पाणी वाय-फायच्या लहरी चांगल्याच शोषून घेते. हंगाम भरात आल्यावर बगॅसचा डोंगर उभा राहतो आणि त्याच्या पलीकडे दिवाळीपूर्वी मिळणारा सिग्नल जानेवारीत मिळेनासा होतो. मात्र लहर जितकी लांब तितकी सर्वत्र चांगली असे नाही. मोकळे केन यार्ड (उसाच्या गाड्यांचे आवार) आणि वसाहत यांच्यासाठी यूएचएफपेक्षाही लांब लहरींचा व्हीएचएफ बरा, इमारतींच्या गर्दीत यूएचएफ बरा, असा सर्वसाधारण अनुभव आहे. कारखाना दोन्ही प्रकारचा असला तरी धोका इमारतींच्या आतच जास्त असतो, म्हणून यूएचएफची निवड योग्य ठरते.

वाय-फायमध्ये चालत्या माणसाच्या बोलण्याचीही अडचण असते. एका ॲक्सेस पॉइंटच्या टप्प्यातून दुसऱ्याच्या टप्प्यात जाताना जुना केव्हा सोडायचा हे फोन स्वतः ठरवतो, आणि पुष्कळ फोन क्षीण झालेल्या जुन्यालाच धरून बसतात. ईमेलला त्याने काही फरक पडत नाही, पण आवाज तुटतो. हे हस्तांतर झटपट व्हावे म्हणून ८०२.११आर हे मानक २००८ मध्ये आले. मात्र ॲक्सेस पॉइंट आणि फोन या दोघांनीही ते नीट पाळले तरच त्याचा उपयोग. संभाषण स्वाभाविक वाटावे यासाठी आवाज एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. ईमेलपुरते बसवलेले वाय-फाय आवाजासाठी वापरायचे तर ॲक्सेस पॉइंट वाढवावे लागतात, आवाजाला प्राधान्य देणारी रचना करावी लागते, आणि ‘वाय-फाय तर आहेच’ हे गृहीतकच कोसळते.

आता वॉकीटॉकीच्या एका गुणाकडे वळतो, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो. एका वेळी एकच बोलतो आणि चॅनेलवरचे सगळे ऐकतात, याला अनेक जण त्याची मर्यादा समजतात. पण बॉयलरवरचा माणूस जेव्हा मिल आणि टर्बाइनमधले बोलणे न विचारता ऐकत असतो, तेव्हा पुढे काय येणार आहे हे त्याला आधीच कळते. फोनवरच्या दोघांच्या संभाषणात हे घडत नाही. मात्र या गुणाचा उपयोग होण्यासाठी शिस्त लागते. चॅनेल विभागवार वेगळे हवेत, गप्पांना बंदी हवी आणि बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलण्याची सवय हवी. बोलून झाल्यावर बटण लवकर सोडण्याची सवय तर आपल्या भाषेत विशेष धोक्याची आहे, कारण मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘कॅरियर चालू करू नका’ (कॅरियर म्हणजे ऊस मिलकडे नेणारा वाहक) यातला शेवटचा शब्द तुटला तर ऐकणाऱ्याला ‘चालू करू’ एवढेच ऐकू जाते. म्हणून धोक्याचा निरोप ‘थांबा’ या शब्दाने सुरू करावा आणि ऐकणाऱ्याने तो पूर्ण उच्चारून परत सांगावा, असा नियम माझ्या मते प्रत्येक कारखान्याने लेखी करावा. अर्थात कॅरियरमध्ये माणूस उतरणार असेल तर सेटवरचा निरोप पुरेसा नाही. तिथे वीज तोडून कुलूप लावलेच पाहिजे.

मिल हाऊसच्या गोंगाटात नुसता सेट हातात देऊन उपयोग नाही. आठ तासांच्या पाळीसाठी कारखान्यांतील आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे आणि कामगाराने इअर मफ घातलेले असतात. त्यातच बसवलेले हेडसेट घ्यावे लागतात. हा खर्च वाय-फायच्या फोनलाही चुकत नाही.

इथेनॉल तयार करणाऱ्या डिस्टिलरीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून त्याची वाफ पेट घेऊ शकते ते) सुमारे १३ अंश सेल्सियस असल्याने आपल्या हवेत त्याची वाफ बहुतेक नेहमीच पेट घेण्याजोगी असते. अशा क्षेत्रात साधा फोन चालत नाही आणि साधा वॉकीटॉकीही चालत नाही. स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित केलेलाच सेट लागतो. या क्षेत्रातील उपकरणांच्या मान्यतेचे काम पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. प्रमाणपत्र सेट आणि बॅटरी यांना मिळून असते, हे भांडार विभागाने लक्षात ठेवायला हवे. बाजारातली स्वस्त बॅटरी बसवली की त्या सेटचे संरक्षण संपते, आणि बॅटरी बदलायची तर ती त्या क्षेत्राच्या बाहेर येऊनच.

वाय-फायची बाजू मी कमी लेखत नाही. बेअरिंगला गेलेल्या तड्याचा फोटो, लॉग शीट, तापमानाच्या नोंदी, वजनकाट्याचा हिशेब आणि कोणी कोणाला काय कळवले याची नोंद, या सर्वांसाठी त्याच्याशिवाय पर्याय नाही. डिजिटल वॉकीटॉकी एका १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर आळीपाळीने दोन संभाषणे वाहून नेतो. त्यावर छोटे मजकूर जातात, फोटो जात नाहीत. शेतकी विभागाचे कर्मचारी तर अनेक तालुक्यांत पसरलेले असतात, तिथे या दोहोंपैकी काहीच पोहोचत नाही. त्यांनी मोबाइल नेटवर्कवर चालणारे ॲप वापरावे. पण २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मोबाइल नेटवर्क कसे कोलमडले, हे ज्यांनी पाहिले ते केवळ त्यावर सुरक्षेचा भार टाकणार नाहीत.

परवान्याबद्दल थोडक्यात सांगतो. २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला आपल्याकडे २००५ पासून परवाना लागत नाही. त्यामुळे शेजारचा सीसीटीव्ही आणि ड्रायव्हरचा हॉटस्पॉटही त्याच जागेत गर्दी करतात, आणि तक्रारीला वाव नसतो. चार-पाच वॅटच्या वॉकीटॉकीसाठी मात्र दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेकडे, सरल संचार पोर्टलवरून, अर्ज करून फ्रिक्वेन्सी घ्यावी लागते. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या सेटसाठी परवानामुक्त आहे. तो हॉटेलला किंवा दुकानाला पुरतो, साखर कारखान्याला नाही. ऑनलाइन मिळणारे, फ्रिक्वेन्सीचा पत्ता नसलेले सेट घेऊ नयेत. अशा बेकायदा विक्रीविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वेही काढली आहेत.

म्हणून सुरक्षेचा आणि प्रक्रियेचा आवाज वॉकीटॉकीवर ठेवावा, नोंदी आणि चित्रे वाय-फायवर ठेवावीत, आणि पैसे कमी असतील तर आधी बॉयलर, टर्बाइन, मिल, गव्हाण आणि डिस्टिलरी यांचे सेट घ्यावेत. खरेदीपूर्वीची चाचणी ऑगस्टमध्ये, देखभालीच्या काळात, करून घेऊ नका. तेव्हा यार्डात एकही ट्रॉली नसते, बगॅस नसतो, मिलचा आवाज नसतो, आणि कोणतेही साधन उत्तम चालते. पूर्ण गाळप चालू असताना विक्रेत्याला बोलवा, रात्रपाळीच्या लोकांच्या हातात सेट द्या, त्यांना बॉयलरच्या तळापासून पॅन फ्लोअरपर्यंत चालायला लावा आणि त्या भागातल्या नेटवर्कचा व रिपीटरचा वीजपुरवठा चीफ इंजिनिअरांच्या परवानगीने तोडून तेच बोलणे पुन्हा करून पाहा. जिथे आवाज पोहोचला नाही, ती जागा नकाशावर लिहून घ्या. निविदेतल्या अटी त्या नकाशावरून तयार करा.