निळं आकाश आणि बंद गोंडोला

(एका गिर्यारोहण मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, गुलमर्गला स्कीइंगला निघालेला माणूस एकच मागणं मागतो: बर्फ भरपूर पडू दे. मीही मागायचो. पण तिथे दोन-तीन दिवस सलग बर्फ कोसळला की आधी गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, वरचा टप्पा बंद होतो, मधल्या कोंगदोरी स्थानकाहून अफरवट डोंगरावर जवळपास ३,९५० मीटर उंचीपर्यंत नेणारा. मग एका सकाळी लख्ख ऊन पडतं, समोर मांडीभर ताजा बर्फ असतो, तरी गोंडोला बंदच. लोक चिडतात.

आमच्यातला एक मुलगा असाच चिडला. "एवढे पैसे भरून आलोय, आणि हवा तर किती छान आहे!" आमचे काश्मिरी गाइड काही बोलले नाहीत. हॉटेलमागच्या उतारावर त्यांनी फावड्यानं छातीइतका खड्डा खणला. वरचा बर्फ त्याला मुठीत दाबायला सांगितला. लाडू झकास वळला. मग तळाचा घ्यायला लावला. तो साखरेसारखा बोटांतून गळून गेला. कितीही दाबा, वळेचना.

सगळा घोटाळा त्या साखरेत आहे. हंगामाच्या सुरुवातीला थोडाच बर्फ पडतो आणि मग कित्येक दिवस कोरडी, कडाक्याची थंडी. त्या पातळ थरातले कण सुटे होत जातात. त्यावर एकदम दोन-तीन फूट बर्फ आला, वाऱ्यानं आणखी आणून रचला, की वर जड लादी आणि खाली सुटे दाणे. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर ही लादी एका स्कीअरच्या वजनानंही तुटते आणि खाली घसरत सुटते; हेच हिमस्खलन. वरून मात्र सगळं गुळगुळीत, पांढरंशुभ्र दिसतं.

२०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग उघडंबोडकं होतं, आठवत असेल. फेब्रुवारीत बर्फ आला आणि २२ तारखेला हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. आदल्या वर्षी १ फेब्रुवारीला अफरवटवर दोन पोलिश स्कीअर गेले. २०१० मध्ये खिलनमर्गला प्रशिक्षण घेणारे लष्कराचे १७ जवान गेले. त्यांना बर्फ कळत नव्हता, असं म्हणायची माझी हिंमत नाही.

झाडीत शिरलं की सुटलो, हाही समज सोडा. दाट फांद्यांखाली बुंध्याभोवती भुसभुशीत खळगा राहतो; त्यात डोकं खाली होऊन पडलेल्याला सहसा एकट्यानं निघता येत नाही.

गाडला गेलेला माणूस पंधरा मिनिटांत काढला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी. खालून पथक इतक्या लवकर पोचणं अवघड, म्हणजे वाचवणारा तुमच्या सोबतचाच. ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्याचा ठावठिकाणा कळवणारा छोटा रेडिओ, अंगावर आणि चालू, फावडं आणि शोधकाठी पाठीवर. भाड्यानं घेतलेला ट्रान्सीव्हर बंद करून सॅकमध्ये ठेवणारे मी पाहिलेत. त्यांचा मला राग येत नाही, भीती वाटते.

त्या मुलानं परतताना खड्डा स्वतःच बुजवला. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आला आणि चहाआधी गाइडना विचारलं, "रात्री वारा कुठल्या बाजूनं होता?"